पिवळ्या फरशीचं माहेर : ओसाका ते ओकायामा, पाच दिवस

जपानच्या गमतीजमती म्हटल्या की ठरलेली यादी पुढे येते. फिरती सुशी, कपाटाएवढ्या खोलीत झोपायचं हॉटेल, काचेमागे मांडलेलं खोटं जेवण. "काय एकेक विक्षिप्त लोक!" म्हणायचं आणि पुढचा व्हिडिओ लावायचा. यातल्या बऱ्याच गोष्टी, आणि आपल्या मेट्रो स्थानकांतली अंधांसाठीची पिवळी फरशीसुद्धा, ओसाका ते ओकायामा या रेल्वेने जेमतेम १८० किलोमीटरच्या पट्ट्यात जन्मल्या आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकीमागे कुणाची तरी घरगुती म्हणावी इतकी साधी अडचण आहे. हाताशी माणसं कमी, खिशात पैसे कमी, गाडी सुटतेय आणि काचेची बाटली परत करायचीय. ती अडचण डोक्यात ठेवून हा पट्टा पाहिला, तर यादीतली प्रत्येक वस्तू नव्याने दिसते.

कार्यक्रम पाच दिवसांचा. चार मुक्काम ओसाकात, पाचव्या दिवशी ओकायामा. निघण्याआधी वार जुळवून घ्यावेत. इकेदाचं नूडल संग्रहालय मंगळवारी बंद असतं, एक्स्पो पार्क बुधवारी. पहिला दिवस बुधवार धरला तर दोन्ही बाधा टळतात आणि इकेदाला शनिवार-रविवारची झुंबडही लागत नाही.

पहिला दिवस : नाम्बा

कानसाई विमानतळावरून नानकाई रेल्वेची एअरपोर्ट एक्सप्रेस पाऊण तासात ओसाकातल्या नाम्बाला सोडते, भाडं ९७० येन. त्याच कंपनीची निळी, चोचदार 'रापीत' काही मिनिटं आधी पोचवते आणि त्याचे वेगळे पैसे घेते. तिचा फोटो काढावा आणि साध्या गाडीत बसावं. स्टेशनवर इकोका कार्ड घ्यायचं. २००० येन भरले की ५०० अनामत आणि १५०० खर्चायला. लोकल, बस, यंत्रातला चहा यांवर निघतात. शिनकानसेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं तिकीट मात्र वेगळं काढायचं.

पहिली गंमत सरकत्या जिन्यावरच भेटते. ओसाकात उजवीकडे उभं राहतात आणि डावी बाजू घाईतल्यांसाठी सोडतात. टोकियोत नेमकं उलट. टोकियोहून आलेले जपानी पाहुणेही इथे दोन क्षण गोंधळतात. पुढचा माणूस जिथे उभा असेल तिथे उभं राहावं, हा साधा उपाय.

सामान टाकून सरळ दोगुयासुजीत जावं. ही छप्पर घातलेली जेमतेम १५० मीटरची गल्ली म्हणजे ओसाकाची बोहरी आळी. हॉटेलवाले इथून पातेली, सुऱ्या, पाट्या आणि कंदील नेतात. ताकोयाकीचा, म्हणजे ऑक्टोपसचे तुकडे घातलेल्या गोळ्यांचा तवा पाहिला की मराठी माणूस त्याला आप्पेपात्रच म्हणेल. खळगे मात्र जास्त, आणि ते इतके जवळजवळ की पीठ खळग्यांबाहेर ओतून सगळ्या तव्यावर पसरतात. मग टोकदार सळईने कडा आत ढकलत गोळा फिरवतात. दुकानं संध्याकाळी सहाच्या सुमारास आवरायला लागतात, म्हणून ही गल्ली आधी आणि नदीकाठचा झगमगता दोतोनबोरी भाग नंतर.

याच गल्लीत खोट्या जेवणाची दुकानं आहेत. काचेमागचे हे नमुने धंदा म्हणून उभे करण्यात सगळ्यात मोठा वाटा इवासाकी ताकिझोचा. तो मूळचा गिफू प्रांतातल्या गुजो हाचिमानचा. १९३२ मध्ये ओसाकात त्याने मेणाचं ऑम्लेट बनवलं आणि नमुने भाड्याने द्यायची कंपनी काढली. खऱ्या ऑम्लेटशेजारी ठेवल्यावर त्याच्या बायकोला फरक कळेना, असं सांगतात. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसण्याआधी पदार्थ, आकारमान आणि किंमत कळली की वाढप्याच्या फेऱ्या वाचतात, आणि नंतर "एवढंच?" असं कुणी म्हणत नाही.

आता मेण मागे पडलंय. खऱ्या पदार्थावर सिलिकोन ओतून साचा काढतात, त्यात व्हिनाइलचा पातळ रस भरतात, भट्टीत घट्ट करतात आणि मग फवाऱ्याने रंग देतात. पैसे मोजायचे ते या रंगकामाचे. भाजलेल्या कडेचा तपकिरी रंग एकाच हाताने एकसारखा दिला तर पदार्थ लगेच खेळण्यातला वाटायला लागतो.

पाहुण्यांसाठीच्या कार्यशाळेत अजून मेणच वापरतात. टेम्पुरासाठी, म्हणजे जपानी भज्यांसाठी, साधारण ४० अंशाच्या कोमट पाण्यात पिवळसर मेण थोडं वरून, धार तुटेल अशा बेताने ओततात. पाण्यावर त्याचा चुरा पसरतो, त्यावर कोळंबीचा नमुना आडवा ठेवून दोन्ही बाजूंनी चुरा गुंडाळायचा. कोबीसाठी आधी पांढरं, मग हिरवं मेण पाण्यावर पसरायचं, त्याची कड दोन्ही हातांनी धरून पाण्याखाली खेचायची आणि तयार झालेलं सुरकुतलेलं पान गुंडाळायचं. पाणी गार झालं तर पान तडकतं, फार गरम असलं तर हातात येतच नाही. खेचताना मध्येच थांबलं तर तिथे जाड पट्टा बसतो आणि कोबी फसवा आहे हे लांबूनच कळतं. तयार माल हातातल्या बॅगेत ठेवावा. विदर्भात मे महिन्यात गाडीच्या काचेखाली विसरलात तर त्या कोबीची मेणबत्ती होते.

शाकाहाऱ्यांसाठी एक सावधगिरी. नमुना फक्त वरचं रूप दाखवतो. भाज्या घातलेली उदोनची, म्हणजे जाड नूडल्सची वाटी बघून निर्धास्त होऊ नये, खालचं पाणी बहुतेक वेळा मासळीच्या अर्काचं, म्हणजे दाशीचं असतं.

अंधार पडला की एबिसुबाशी पुलावर. समोर दोन्ही हात वर करून धावणारा ग्लिको कंपनीचा खेळाडू. पहिला फलक १९३५ चा, ३३ मीटर उंच. सध्याचा सहावा, २०१४ मध्ये लागलेला, एलईडीचा. हा माणूस धावतो कशासाठी? कंपनीच्या मूळ गोळीत कालवांपासून काढलेलं ग्लायकोजेन होतं आणि जाहिरात होती 'एका गोळीत ३०० मीटर'. एका गोळीतली शक्ती मोठ्या माणसाला तेवढं पळायला पुरते, असा त्यामागचा हिशोब. रावळगावच्या गोळ्यांवर वाढलेल्या पिढीलाही हा हिशोब आवडला असता. फोटो काढायचा तर पुलाच्या मधोमध गर्दी करण्यापेक्षा खाली नदीकाठच्या लाकडी वाटेवर उतरावं. तिथून फलक पूर्ण येतो आणि मागच्याचे हात आपल्या डोक्यातून उगवत नाहीत.

याच नदीत केएफसीचा दाढीवाला कर्नल सँडर्स बुडाला होता. ऑक्टोबर १९८५ मध्ये हानशिन टायगर्स ही बेसबॉलची लाडकी टीम लीग जिंकली. पुलावर जमलेले चाहते एकेका खेळाडूचं नाव पुकारत आणि त्याच्यासारखा दिसणारा जो कुणी असेल तो नदीत उडी मारी. अमेरिकन रँडी बासची पाळी आली, पण दाढीवाला गोरा कुठून आणायचा? जवळच्या केएफसीच्या दारातला पुतळा उचलला आणि दिला ढकलून. त्या वर्षी टीमने जपान सीरिज, म्हणजे देशाचं अंतिम जेतेपदही जिंकलं, पण पुढे वर्षानुवर्षं ते जेतेपद मिळेना, आणि सगळ्याचं खापर कर्नलच्या शापावर फुटलं. मार्च २००९ मध्ये काठाच्या बांधकामावरच्या पाणबुड्यांना पुतळा सापडला, चष्मा आणि डावा हात गायब. २०२३ मध्ये टीम अखेर पुन्हा जिंकली, म्हणजे तब्बल ३८ वर्षांनी. पुढच्या मार्चमध्ये जीर्ण पुतळ्याला विधिवत साके, म्हणजे तांदळाची दारू, वाहून निरोप दिला गेला. भंगारात काढायचं ते विधी करून, ही पद्धत आपल्याला समजावून सांगायला नको.

रात्र कॅप्सूल हॉटेलात काढून पाहावी, पण एकच. जगातलं पहिलं कॅप्सूल हॉटेल १९७९ मध्ये ओसाकाच्याच उमेदा भागात निघालं, आराखडा वास्तुकार कुरोकावा किशोचा. शेवटची लोकल चुकलेल्या नोकरदारांसाठी ती सोय होती. एक खण साधारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. बहुतेक ठिकाणी खणाला दार नसतं, नुसता पडदा असतो, त्यामुळे पासपोर्ट लॉकरमध्ये ठेवावा. मोठी बॅग खणातही मावत नाही आणि लॉकरमध्येही नाही, ती काउंटरवर द्यावी लागते. कानात घालायचे बोळे विसरू नयेत. घोरणारा माणूस जपानीही असतो.

दुसरा दिवस : इकेदा

उमेदाहून हानक्यू रेल्वेच्या ताकाराझुका मार्गावरची एक्सप्रेस वीस मिनिटांत इकेदाला आणते. स्टेशनपासून पाच मिनिटं चाललं की कप नूडल्सचं संग्रहालय. साडेनऊला उघडतं, प्रवेश फुकट.

आत लाकडी खोपटाची प्रतिकृती आहे. आंदो मोमोफुकुने आपल्या घरामागच्या अशाच खोपटात १९५८ मध्ये झटपट नूडल्स तयार केल्या. टिकाऊ आणि दोन-तीन मिनिटांत शिजणाऱ्या, अशी दुहेरी अट होती. उत्तर कढईत सापडलं. बायको टेम्पुरा तळत होती आणि पिठातलं पाणी बुडबुडे होऊन बाहेर पडत होतं. वाफवलेल्या नूडल्स तळल्या तर तेच होतं: पाणी उडून जातं, मागे बारीक छिद्रं राहतात. पाण्याअभावी माल टिकतो, आणि गरम पाणी ओतलं की ते त्याच छिद्रांतून आत शिरतं. म्हणून या नूडल्स आधी तळतात. नुसत्या वाळवलेल्या शेवया इतक्या लवकर मऊ होत नाहीत. आपल्याकडे मिळणाऱ्या टॉप रामेनची निस्सिन ही कंपनी आंदोचीच.

त्याहून चतुर वस्तू म्हणजे कप. १९६६ मध्ये अमेरिकेत नमुने दाखवताना आंदोला दिसलं, की तिथल्या लोकांकडे खोल वाटी आणि जेवायच्या काड्या नाहीत. ते नूडल्सचे तुकडे करून कागदी कपात टाकत आणि काट्याने खात. त्यातून १९७१ चा कप नूडल आला. त्याचा उभा छेद संग्रहालयात मांडलाय, तो नीट पाहावा. नूडल्सची वडी तळाला टेकत नाही, कपाच्या मध्यावर अडकून लोंबकळते. वडी वर रुंद आणि खाली निमुळती, कपही तसाच. खालच्या पोकळीत गरम पाणी साठतं आणि वडी सगळीकडून शिजते. शिवाय ती आतून टेकू देते, त्यामुळे वाहतुकीत कप चेपत नाही.

ही वडी कपात टाकायची कशी? वरून सोडली की ती तिरकी बसे किंवा उलटी होई. आंदो रात्री अंथरुणात पडला असताना छत आणि जमीन जागा बदलतायत असं त्याला भासलं, आणि युक्ती सुचली: वडी खाली ठेवायची आणि कप वरून उलटा घालायचा. आजही कारखान्यात तेच होतं आणि संग्रहालयातही तुमच्या हातून तेच करून घेतात.

आपला कप बनवायची रीत अशी. यंत्रातून ५०० येनचा रिकामा कप घ्यायचा, हात निर्जंतुक करायचे आणि टेबलावर बसून कप रंगवायचा. रंगवणं आधीच उरकावं, पुढे कप भरून बंद होतो. मग खिडकीशी हँडल फिरवून कप वडीवर पालथा घालून सुलटा करायचा, चार सूपांतून एक आणि बारा जिनसांतून चार निवडायच्या. इथे ५४६० प्रकार होतात अशी पाटी आहे. हा आकडा जुळवून पाहायचा मोह होतो. चारही जिनसा वेगळ्या धरल्या तर ४९५ निवडी होतात, चार सूपांनी गुणून १९८०. पाटीवरचा आकडा मिळतो तो एकच जिन्नस दोनदा, तिनदा, चारदाही घेता येते म्हणून. तशा निवडी १३६५, गुणिले चार. म्हणजे चारही चमचे मक्याचे मागितले तरी काउंटरवरची बाई भुवई उंचावणार नाही. शेवटी झाकण चिकटतं, प्लास्टिकचं वेष्टन गरम हवेत आवळतं आणि हवा भरलेल्या पिशवीत कप गळ्यात अडकवायला मिळतो. असा कप महिन्याभरात संपवायचा, दुकानातल्यासारखा टिकत नाही. मांस अजिबात न खाणाऱ्यांनी कप रंगवावा, फोटो काढावा आणि खायला दुसऱ्याला द्यावा. एकही सूप शाकाहारी नाही.

परतीच्या वाटेवर हानक्यूच्या तिकीटद्वारांकडे लक्ष द्यावं. तिकीट आपोआप तपासणारी दारं १९६७ मध्ये याच कंपनीच्या किता-सेनरी स्टेशनवर लागली. लोक तिकीट वाकडंतिकडं कसंही सरकवतात, ते आत सरळ कसं करायचं, यावर अभियंते अडले होते. एकाला मासेमारी करताना प्रवाहातलं बांबूचं पान दगडाला अडून वळताना दिसलं आणि त्याने तिकिटाच्या वाटेत तसाच अडथळा ठेवला, असं सांगतात. आजही कागदी तिकीट आडवंतिडवं घालून बघावं, पलीकडे सरळ होऊनच येतं. पलीकडचं तिकीट उचलायला मात्र विसरू नये, उतरताना तेच लागतं.

तिसरा दिवस : फुसे आणि एक्स्पो पार्क

नाम्बाहून किन्तेत्सू रेल्वेची गाडी दहा-बारा मिनिटांत फुसेला. हे पूर्व ओसाका, छोट्या कारखान्यांचं गाव. १९५८ मध्ये शिराइशी योशिआकीने फिरत्या पट्ट्यावरची सुशी इथेच सुरू केली. गिऱ्हाईक कामगार, त्यांना सुशी स्वस्त हवी, आणि हाताखाली माणसं पुरत नव्हती. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहिल्यावर त्याला वाटलं, ताटल्याही अशाच सरकतील.

सरळ रेषेत त्या सरकल्याही, पण कोपऱ्यावर अडकत. चौकोनी पट्ट्या वळताना एकमेकांवर चढतात. म्हणून आजच्या पट्ट्याचे तुकडे चंद्रकोरीच्या आकाराचे असतात, एकाचा फुगीर भाग दुसऱ्याच्या खोलगट भागात फिरतो. वेगाचाही हिशोब आहे. तो सेकंदाला साधारण ८ सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला पाच मीटरच्या आत. याहून जलद फिरवलं तर वाऱ्याने मासा सुकतो आणि गिऱ्हाइकाला वाचून ठरवायला वेळ मिळत नाही. हळू फिरवलं तर लोक कंटाळतात.

बसल्यावर करायच्या चुका ठरलेल्या आहेत. समोर छोटा नळ असतो, बटण कपाने दाबायचं. तो हात धुण्याचा नळ समजून हात पुढे करणारे पाहुणे रोज भाजतात, कारण त्यातून चहाचं उकळतं पाणी येतं. कपात चमचाभर हिरव्या चहाची पूड टाकून तो कप नळाखाली धरायचा. उचललेली ताटली पट्ट्यावर परत ठेवायची नाही, रिकामीसुद्धा. ताटल्यांची चळत समोर रचावी, तिच्या रंगावरून आणि संख्येवरून बिल होतं. शाकाहाऱ्यांसाठी काकडीची कप्पामाकी आणि, वासाची तयारी असेल तर, नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन.

हे लवकर पाहून घ्यावं. २०२३ च्या सुरुवातीला कुणीतरी सॉसची बाटली चाटल्याचे व्हिडिओ पसरले आणि मोठ्या साखळ्यांनी पट्ट्यावर उघडी सुशी फिरवणं झपाट्याने कमी केलं. आता अनेक ठिकाणी पडद्यावर ऑर्डर द्यायची आणि ताटली सरळ रुळावरून थेट समोर येऊन थांबते. सोय वाढली, पण समोरून जाणारी अनोळखी ताटली उचलण्याचा मोह गेला, आणि खरी मजा त्या मोहातच होती.

दुपारी मोनोरेलने बानपाकू-किनेन-कोएन, म्हणजे एक्स्पो पार्कचं स्टेशन. १९७० चं जागतिक प्रदर्शन इथे भरलं आणि १८३ दिवसांत सुमारे ६ कोटी ४२ लाख लोक येऊन गेले. फिरती सुशी देशाला कळली ती या गर्दीमुळे. केएफसीचं जपानातलं पहिलं प्रायोगिक दुकानही इथलंच, म्हणजे कर्नल नदीत पडण्याच्या पंधरा वर्षं आधी याच भागातून देशात शिरला होता. आज उरलाय तो ओकामोतो तारो या कलावंताचा ७० मीटर उंच 'सूर्याचा मनोरा', तीन चेहऱ्यांचा: माथ्यावर सोनेरी, पोटावर पांढरा, पाठीवर काळा. आतला भाग २०१८ पासून पुन्हा खुला झालाय, पण त्यासाठी आगाऊ नोंदणी करून जावं. आयत्या वेळी गेटवर तिकीट मागणाऱ्याला नुसतं पोट पाहून परतावं लागू शकतं.

चौथा दिवस : कोबे

ओसाकाहून जेआर, म्हणजे जपान रेल्वेची जलद गाडी वीस-बावीस मिनिटांत सान्नोमियाला पोचवते. प्रवासातच यंत्रातून कॉफीचा डबा घ्यावा, कारण तो कोबेचा. यूसीसी या कॉफी कंपनीच्या उएशिमा तादाओची गोष्ट अशी सांगतात: फलाटावर बाटलीतली दूध-कॉफी पीत असताना गाडी सुटायची वेळ झाली, बाटली दुकानाला परत द्यायची होती, म्हणून अर्धी कॉफी टाकून त्याला पळावं लागलं. १९६९ मध्ये त्याने दूध घातलेली कॉफी २५० ग्रॅमच्या डब्यात आणली. आधीच्या प्रयोगांत डब्यातल्या लोखंडाशी संयोग होऊन कॉफी शाईसारखी काळी पडत असे. विक्रीही सुरुवातीला थंडच होती, ती उचलली १९७० च्या प्रदर्शनाने.

यंत्रावर लाल पट्टी म्हणजे गरम, निळी म्हणजे गार. गरम डबा साधारण ५५ अंशांवर असतो, हिवाळ्यात तो आधी खिशात ठेवून हात शेकायचे आणि मग प्यायचा. अशी यंत्रं सगळे डबे तापवत किंवा गार करत बसत नाहीत, फक्त बाहेर पडायच्या बेतात असलेले खालचे काही, त्यामुळे वीज वाचते. १ आणि ५ येनची नाणी यंत्र घेत नाही. २०२४ च्या नव्या नोटाही काही जुन्या यंत्रांना कळत नाहीत, तेव्हा १०० येनची नाणी साठवून ठेवावीत.

कोबेत यायचं मुख्य कारण कराओके. इनोउए दाइसुके इथल्या बारमध्ये गाणाऱ्या गिऱ्हाइकांना साथ करी. एका कंपनीच्या मालकाला सहलीत गायचं होतं, पण इनोउएला जाता येईना. त्याने मालकाच्या सुराला आणि चालीला जुळेल अशी साथ टेपवर भरून दिली. त्यातून १९७१ चं यंत्र आलं. मोटारीतला आठ-ट्रॅकचा टेप, अॅम्प्लिफायर, माइक आणि १०० येनच्या नाण्याची पेटी, एका लाकडी खोक्यात. अशी ११ यंत्रं करून बारना भाड्याने दिली. पेटंट घेतलं नाही. २००४ मध्ये त्याला विनोदी इग नोबेल मिळालं, तेही शांततेचं. माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवलं, हे त्यामागचं कारण. जाणकार इथे हात वर करतील: टोकियोच्या नेगिशी शिगेइचीने १९६७ मध्येच असं यंत्र केलं होतं. खरं आहे. पण धंद्याचा नमुना, म्हणजे भाड्याने यंत्र आणि गाण्यागणिक नाणं, पसरला तो कोबेतून.

पुण्या-मुंबईत निवृत्त मंडळी सभागृह घेऊन ट्रॅकवर जुनी गाणी गातात, त्यांना इथलं एक बटण फार उपयोगी वाटेल: देनमोकू नावाच्या पाटीवरचं सूर वरखाली करणारं. पुरुषाने लताबाईंचं गाणं घेतलं की साधारण पाच-सहा पायऱ्या खाली, हा अंदाज इथेही चालतो. खोलीचं भाडं अर्ध्या तासावर आणि माणशी असतं, बहुतेक ठिकाणी प्रत्येकी एक पेय घ्यावंच लागतं. दुपारी दर निम्म्याच्या आसपास येतात, शुक्रवार-शनिवारी रात्री सगळ्यात चढे. भिंतीवरचा फोन वाजला की दहा मिनिटं उरली. वाढवायचं नसेल तर लगेच सांगावं.

पाचवा दिवस : ओकायामा

शिन-ओसाकाहून शिनकानसेनने पाऊण तास. स्टेशनाबाहेर मोमोतारोचा पुतळा. पीच फळातून जन्मलेला हा वीर कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी घेऊन राक्षसांवर चाल करून गेला. गटारांच्या झाकणांवरही तोच आहे. जपानात गावोगावची झाकणं वेगळी असतात, ओसाकाच्या झाकणावर किल्ला आणि चेरीची फुलं. २०१६ पासून झाकणांची कार्डंही निघतात, फुकट, पण माणशी एकच, आणि स्वतः जाऊन घ्यायची. वाटपाची जागा कधी पर्यटन कार्यालय असते, कधी सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, आणि दोन्हींची सुट्टी वेगळी. वेळ पाहूनच जावं. झाकणं गोल का, याचं उत्तर सोपं आहे: गोल झाकण कसंही फिरवलं तरी आपल्याच भोकात पडत नाही.

ट्राम शिरोशिता थांब्यावर सोडते, तिथून चालत कोराकुएन. १७०० मध्ये पुरी झालेली ही बाग पाहताना पुणेकराला ओळखीचं वाटेल. सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, हिच्याच धर्तीवर आहे. इथली हिरवळ जास्त मोकळी, आणि शिट्टी वाजवणारा रखवालदार नाही.

पण खरं ठिकाण बागेच्या पूर्वेला, हाराओजिमाच्या चौकात. तिथे एक छोटं स्मारक आहे, पर्यटकाला गाडी थांबवावीशी वाटणार नाही इतकं छोटं. मुंबई-पुण्याच्या मेट्रो स्थानकांत पायाखाली लागणाऱ्या पिवळ्या, उठावाच्या फरशीचं हे माहेर. मियाके सेइइची या ओकायामाच्या माणसाने रस्ता ओलांडणाऱ्या एका अंध माणसाजवळून मोटार अंगावर येईल अशी जाताना पाहिली. दृष्टी अधू झालेल्या त्याच्या मित्राने त्याला सांगितलं होतं, की शेवाळ आणि माती यांची सीमा बुटातूनही पायाला कळते. त्यावरून १९६५ मध्ये उंचवट्यांची फरशी झाली आणि १८ मार्च १९६७ ला अंधशाळेजवळच्या या चौकात २३० फरशा बसल्या. रेल्वेच्या फलाटावर ती पहिल्यांदा आली १९७० मध्ये, ओसाकाच्या आबिकोचो स्टेशनवर. जपानीत तिला 'तेन्जी ब्लॉक', म्हणजे ब्रेलची फरशी म्हणतात, जरी तिच्यावर ब्रेलचं एकही अक्षर नाही.

भाषा दोनच खुणांची. लांब पट्ट्या म्हणजे त्या दिशेने चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांब, पुढे जिना, वळण, रस्ता किंवा फलाटाची कड आहे. उठाव ५ मिलिमीटरचा. कमी ठेवला तर जाड तळव्याच्या बुटातून कळत नाही, जास्त ठेवला तर म्हाताऱ्यांचा पाय अडतो आणि चाकाची खुर्ची धडधडते. पिवळा रंग अंशतः दिसणाऱ्यांसाठी, डांबराच्या काळ्यावर तो उठून दिसतो. म्हणून शोभेसाठी राखाडी फरसबंदीत राखाडी ठिपके बसवणं म्हणजे निम्मा उपयोग फुकट घालवणं. आपल्याकडच्या पदपथांवरच्या चुका याच दोन खुणांत मोजता येतात: पट्ट्यांची ओळ थेट झाडावर किंवा विजेच्या खांबावर नेणं, वळणावर ठिपके न घालता पट्ट्याच वळवणं, फुटलेल्या ठिपक्यांच्या जागी हाताशी आली ती पट्टीची फरशी बसवणं. जपानही धुतल्या तांदळासारखा नाही, तिथे फरशीवर सायकली लावलेल्या असतात.

आणखी एक शोध ओकायामाचाच. कोबेत कराओके बारमध्ये होतं, म्हणजे गायला चारचौघांसमोर उभं राहणं आलं. १९८५ च्या सुमारास या भागात मालवाहू कंटेनर रस्त्याकडेला ठेवून, आत दिवे आणि यंत्र बसवून तो तासाने भाड्याने दिला गेला. आजच्या बंद खोल्यांच्या कराओकेची सुरुवात या पत्र्याच्या डब्यापासून. चारही बाजूंनी पत्रा, त्यामुळे उन्हाळ्यात आत भट्टी होत असणार. पण बेसूर गाण्याची लाज बाहेर राहिली, आणि मुलंबाळं, बायका, शाळकरी पोरं गायला आली.

परतीच्या गाडीची वाट पाहताना फलाटाची पिवळी ओळ निरखून पाहावी. ठिपक्यांच्या एका बाजूला एक जास्तीची लांब पट्टी असते. ठिपके दोन्हीकडून सारखेच लागतात, त्यामुळे गोंधळलेल्या माणसाला रूळ कुठल्या अंगाला आहेत ते कळत नसे. ही पट्टी कायम फलाटाच्या आतल्या बाजूला बसवतात. बॅग तिच्याही अलीकडे ठेवावी, ओळीवर नाही.